संमती म्हणजे मौन नव्हे



‘मौन हे संमतीचे लक्षण होय’ हे वचन आपल्या देशात शेकडो वर्षे शहाणपण म्हणून मिरवत आले आहे. हे शहाणपण कोणाच्या सोयीचे होते, याचा विचार आपण तरी केलाच पाहिजे. ज्याला बोलण्याची मुभाच नव्हती त्याच्या मौनाचा अर्थ बोलणाऱ्यांनी आपल्याला हवा तसा लावला. वेठीला मुकाट्याने जाणारा आपला आजा राजीखुशीने वेठीला जातो, असे गावाने मानले. गावकुसाबाहेरची स्त्री पाटलाच्या वाड्यावर आरडाओरडा न करता काम करते, म्हणजे तिची कशालाच हरकत नाही, असेही गावाने मानले. त्या मौनात भूक होती, धाक होता, उद्याच्या भाकरीची चिंता होती. संमती मात्र त्यात नव्हती. हा फरक ज्यांच्या पिढ्यांनी अंगावर सोसला, त्या आपणांस संमती या शब्दाचा अर्थ दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज पडू नये. परंतु आज ती गरज पडत आहे, म्हणून हा लेख.

आपली मुले-मुली आज पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील वसतिगृहांत राहतात, महाविद्यालयांत शिकतात, कचेऱ्यांत रात्रपाळी करतात. मोबाइलवर त्यांची ओळख होते, ओळखीतून भेटीगाठी होतात. यालाच ती ‘डेटिंग’ म्हणतात. या गोष्टीकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या घरांत आढळतात. काही पालक मुलीचा मोबाइल काढून घेतात आणि प्रश्न सुटला असे मानतात. काही पालक मान फिरवितात आणि काही अघटित घडेपर्यंत आपल्याला काहीच ठाऊक नव्हते असे म्हणतात. या दोन्ही रीतींत मुलीचे रक्षण नाही आणि मुलाचेही नाही. ज्या कायद्याच्या बळावर आपण माणूस म्हणून उभे राहिलो, तो कायदा या बाबतीत काय म्हणतो हे घरात बसून, लाज न बाळगता, मुलांना सांगणे हाच खरा मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका पोलीस ठाण्यातील रात्र

संमतीचा आजचा कायदा एका आदिवासी मजूर मुलीच्या दुःखातून जन्मला आहे, आणि ती मुलगी आपल्याच महाराष्ट्रातील होती. तिचे नाव पुस्तकांतून सर्वत्र छापले गेले आहे, तरी अशा स्त्रीचे नाव प्रसिद्ध करू नये हा आजचा कायदा असल्याने मी ते येथे लिहीत नाही. मार्च १९७२ मधील ही घटना आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, आता गडचिरोली जिल्ह्यात मोडणाऱ्या देसाईगंज येथे ती भावाबरोबर मोलमजुरी करून राहत असे. तिचे एका तरुणावर प्रेम होते. भावाला ते पसंत नव्हते. त्याने ठाण्यावर तक्रार दिली म्हणून सर्वांना रात्री ठाण्यात बोलावण्यात आले. जबाब संपल्यावर इतरांना बाहेर पाठवून मुलीला आत ठेवून घेण्यात आले आणि तेथे, जेथे तिला संरक्षण मिळावयाचे, तेथेच पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याची फिर्याद झाली.

सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना सोडले. मुलीचे आधीच एका तरुणाशी संबंध होते, तेव्हा तिची संमतीच असावी, असा त्या निर्णयाचा रोख होता. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निर्णय फिरविला आणि आरोपींना शिक्षा दिली. धाकापुढे शरण जाणे वेगळे आणि इच्छेने होकार देणे वेगळे, हे खंडपीठाने ओळखले. परंतु सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष मुक्त केले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, आणि प्रतिकार केला नाही म्हणजे तिची संमती होती, अशी ही तर्कमालिका होती.

वाचकहो, या तर्काची कडी कोठे तुटते ते पाहा. रात्री, बंद ठाण्यात, गणवेशातील माणसापुढे एका निराधार अल्पवयीन मजूर मुलीने हातपाय झाडले नाहीत, याला संमती म्हणावयाचे असेल, तर वेठबिगारीलाही राजीखुशी म्हणावे लागेल. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहून नेमका हाच प्रश्न विचारला. त्या पत्राने देशभर स्त्रियांची चळवळ उभी राहिली. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस किंवा तत्सम अधिकाऱ्याच्या ताब्यात असलेल्या स्त्रीवर अत्याचार झाल्याचा खटला असेल आणि संबंध आल्याचे सिद्ध होऊन ‘माझी संमती नव्हती’ असे तिने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे ठरले. संमती म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात यावयास मात्र आणखी ३० वर्षे लागली. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये घडलेल्या अत्याचारानंतर, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या शिफारशींनंतर, २०१३ साली ती व्याख्या भारतीय दंड संहितेत आली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तीच व्याख्या आता तिच्या कलम ६३ मध्ये आहे.

कायदा कशाला संमती म्हणतो?

ती व्याख्या साध्या भाषेत सांगतो. स्त्रीने शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य कोणत्याही खुणेने, त्या विशिष्ट लैंगिक कृतीत सहभागी होण्याची तयारी, स्वेच्छेने आणि निःसंदिग्धपणे दर्शविली, तर ती संमती. आणि याच व्याख्येला जोडून कायदा बजावतो की, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणाने स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही. देसाईगंजच्या मुलीला जे मिळाले नाही, ते या एका वाक्याने तिच्या नातींना मिळाले.

या व्याख्येतील प्रत्येक शब्द तोलून पाहण्याजोगा आहे. ‘स्वेच्छेने’ म्हणजे धाकाने नव्हे. तिला किंवा तिच्या जिवलग माणसाला मारण्याची वा इजा करण्याची भीती घालून मिळविलेला होकार कायद्याच्या दृष्टीने होकारच नव्हे. ‘निःसंदिग्ध’ म्हणजे पुरुषाने आपल्या मनाशी लावलेला अर्थ नव्हे. ‘ती हसली’, ‘ती काही बोलली नाही’, ‘ती माझ्याबरोबर सिनेमाला आली’, ‘ती माझ्या खोलीवर चहा प्यायला आली’, यांतील एकही गोष्ट निःसंदिग्ध होकार नाही. आणि ‘त्या विशिष्ट कृतीसाठी’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. हातात हात देण्याचा होकार हा पुढच्या सर्व गोष्टींचा होकार नव्हे. काल दिलेला होकार आज लागू नाही. आज दिलेला होकारही मध्येच मागे घेता येतो, कारण ज्या क्षणी इच्छा नाहीशी होते त्या क्षणी पुढील कृतीला संमती उरत नाही. घर बघावयास आलेल्या माणसाला आपण दार उघडतो, म्हणून घर त्याच्या नावावर होत नाही. मग माणसाच्या देहाला घराइतकीही किंमत असू नये काय?

दारूच्या किंवा अन्य मादक पदार्थाच्या अमलाखाली, होकार कशाला देत आहोत आणि त्याचे परिणाम काय हेच जिला उमगत नाही, तिचा होकार होकार नव्हे. जी झोपेत आहे, बेशुद्ध आहे, किंवा आपली इच्छा व्यक्त करण्यास असमर्थ आहे, तिच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. हा गुन्हा सिद्ध झाल्यास किमान १० वर्षे सश्रम कारावास आणि पुढे जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

‘ती मुलगी आधीच तशी होती’ हा बचावही आता चालत नाही. स्त्रीचे चारित्र्य किंवा तिचे पूर्वीचे संबंध संमतीच्या प्रश्नावर पुरावा म्हणून गैरलागू आहेत, असे भारतीय साक्ष्य अधिनियम सांगतो. डॉक्टरांनी दोन बोटांची तपासणी करून स्त्री ‘सरावलेली’ आहे किंवा नाही असा शेरा मारण्याची अमानुष पद्धतही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अवैध ठरविली, आणि अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावले. कोणी डॉक्टर अशी तपासणी करू लागला तर मुलीने आणि तिच्या आईने ‘नाही’ म्हणावे. तो त्यांचा हक्क आहे.

अठरा वर्षांची मर्यादा आणि आपले मुलगे

आता मुलांच्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे. १८६० च्या दंड संहितेत संमतीचे वय १० वर्षे होते. १८९१ साली ते १२ करावयाचे ठरले, तेव्हा धर्म बुडाला म्हणून याच महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! आज ते वय १८ आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सर्वजण ‘पॉक्सो’ म्हणतात, तो १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो, आणि बालकाची संमती त्याच्या लेखी शून्य आहे. मुलगी १७ वर्षे ११ महिन्यांची असेल, तिने स्वतः पत्रे लिहिली असतील, ती स्वतः घर सोडून आली असेल, तरी कायद्याच्या दृष्टीने तिची संमती नाही. लैंगिक संबंध आल्यास किमान शिक्षा १० वर्षांची आहे, आणि मुलगी १६ वर्षांखालील असल्यास २० वर्षांची.

हा कायदा आवश्यक आहे. बालकांवर हात टाकणारी माणसे बहुधा घरातली, शेजारची, ओळखीची असतात, आणि त्यांना ‘मुलीची इच्छा होती’ असे म्हणण्याची सोय ठेवता कामा नये. परंतु याच कायद्याची दुसरी बाजू आपल्या वस्त्यांनी ओळखून असावे. आपला मुलगा आणि गावातील वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीची मुलगी यांचे प्रेम जमले की मुलीच्या घरच्यांच्या हातात दोन शस्त्रे असतात. एक शस्त्र रानटी आहे. जानेवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सोनई येथे मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली, त्यामागे असेच एक प्रेमप्रकरण होते. दुसरे शस्त्र कायदेशीर आहे, आणि ते म्हणजे मुलीच्या जन्मतारखेचा दाखला. त्या दाखल्यापुढे प्रेमाची शपथ टिकत नाही.

विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय कमी करू नये असे सुचविले. १६ ते १८ वयोगटातील मुलीच्या होकारातून आलेल्या संबंधांत न्यायाधीशास शिक्षेबाबत तारतम्य वापरता यावे, अशीही त्या अहवालात शिफारस आहे. परंतु शिफारस म्हणजे कायदा नव्हे. म्हणून आपल्या मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा: मुलगी सज्ञान होईपर्यंत थांब. थांबण्याने प्रेम मरत नाही. तुरुंगातील १० वर्षांनी मात्र तुझे शिक्षण, तुझी नोकरी आणि तुझ्या आईबापांचे उरलेले आयुष्य मरते. ‘मीही १७ वर्षांचाच आहे’ हा बचावही पुरा पडत नाही. मुलगा अल्पवयीन असेल तर खटला बाल न्याय मंडळापुढे चालतो. मुलगा १६ वर्षांवरील असेल आणि गुन्हा अतिगंभीर वर्गातला असेल, तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची तरतूदही आहे.

दोघेही सज्ञान झाल्यावर मात्र चित्र संपूर्ण बदलते. दोन सज्ञान व्यक्तींनी परस्परांची निवड केली, तर कुटुंबाची, जातीची किंवा पंचायतीची संमती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. जातीने आपल्या भिंती स्त्रीच्या निवडीवर पहारा ठेवून उभ्या केल्या, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखवून दिले होते. तेव्हा आपल्या मुलीच्या निवडीवर आपणच पहारेकरी होऊन बसणे, हे आपल्याला शोभणारे नाही.

लग्नाचे वचन आणि जातीची भिंत

वकिलाकडे येणाऱ्या प्रकरणांत एक तऱ्हा वारंवार दिसते. तरुण आणि तरुणी दोघे सज्ञान. दोघांत दोन-तीन वर्षे संबंध. त्याने लग्नाचे वचन दिलेले. मग एके दिवशी तो म्हणतो, ‘माझ्या घरचे तुझ्या जातीला तयार नाहीत.’ मुलगी उद्ध्वस्त होते. तिचे आईबाप विचारतात, हा बलात्कार नव्हे काय?

कायद्याचे उत्तर पालकांना कडू वाटते, पण ते ठाऊक असले पाहिजे. खोटे वचन आणि मोडलेले वचन यांत न्यायालये भेद करतात. वचन देतानाच ते पाळण्याचा हेतू नव्हता, आणि त्या वचनामुळेच तिने होकार दिला, या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या तर तो होकार फसवणुकीने मिळविलेला ठरतो. वचन देताना मन प्रामाणिक होते आणि पुढे ते मोडले, तर तो बलात्कार ठरत नाही. २००३ साली कर्नाटकातून आलेल्या एका प्रकरणात, जात भिन्न असल्याने लग्नाला विरोध होणार हे दोघांनाही आधीपासून ठाऊक होते, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले. २०१९ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात मुलगी अनुसूचित जातीची होती आणि तरुणाने जातीचे कारण सांगून लग्न नाकारले होते. त्याने आपली शंका आधीच बोलून दाखविली होती आणि तरीही संबंध चालू राहिले होते, हे पाहून न्यायालयाने गुन्हा रद्द केला. जातीवरून तरुणीला पाठविलेले अपमानकारक संदेश मात्र न्यायालयाच्याही नजरेतून सुटले नाहीत. उलट, त्याच वर्षी छत्तीसगडमधील एका प्रकरणात, दुसरीकडे लग्न ठरविणाऱ्या पुरुषाने पहिलीला खोटे वचन दिल्याचे सिद्ध झाले, तेव्हा दोषसिद्धी कायम राहिली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ ने आता ही गोष्ट स्वतंत्र गुन्हा केली आहे. पाळण्याचा हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन, किंवा नोकरी-बढतीचे आमिष दाखवून वा आपली ओळख लपवून लग्न करण्यासारख्या फसवणुकीच्या मार्गाने, संबंध ठेवल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

यातून मी दोन निष्कर्ष काढतो. पहिला मुलींसाठी: जो पुरुष प्रेम करताना जात विसरतो आणि लग्नाच्या वेळी ती आठवतो, त्याच्या वचनावर तुमचा होकार उभा करू नका. त्याचे वचन खरे असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस देण्यास त्याला अडचण नसावी. होकार द्यावयाचाच असेल तर तो तुमच्या स्वतःच्या इच्छेसाठी द्या. लग्नाच्या आशेची किंमत म्हणून तो कधीही देऊ नका. दुसरा निष्कर्ष मुलग्यांसाठी: न्यायालयाने निर्दोष सोडले म्हणून माणूस सज्जन ठरत नाही. पंचशीलातील तिसरे शील आपण दररोज म्हणतो. त्याचा अर्थ ‘पकडले जाऊ नका’ असा नाही.

बौद्ध झालो म्हणून संरक्षण गेले काय?

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांत एक गैरसमज आढळतो. आपण बौद्ध झालो, आता अत्याचार प्रतिबंध कायदा आपल्याला लागू नाही, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. हे खरे नाही. १९९० साली संविधान (अनुसूचित जाती) आदेशात दुरुस्ती झाली आणि हिंदू व शीख यांच्याप्रमाणे बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. तुमची मूळ जात सूचीत असेल, तर धर्मांतराने हे संरक्षण जात नाही. जातीचा दाखला मात्र व्यवस्थित करून घ्या. अडचणीच्या वेळी कागद शोधत बसण्याची पाळी येऊ नये.

हा १९८९ चा कायदा संमतीच्या प्रश्नावर आपल्या भगिनींना आणखी बळ देतो. २०१६ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने, अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला, ती त्या समाजाची आहे हे ठाऊक असताना, तिच्या संमतीविना लैंगिक हेतूने हेतुपुरस्सर स्पर्श करणे, किंवा लैंगिक स्वरूपाचे शब्द, कृती, हावभाव करणे, हा अनुसूचित जाती-जमातीबाहेरील व्यक्तीने केलेला स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे. तेथेही संमतीची तीच व्याख्या आहे आणि त्यापुढे आणखी एक वाक्य आहे: स्त्रीचे पूर्वीचे संबंध, अगदी त्या आरोपीशी असलेले संबंधही, संमती दर्शवीत नाहीत आणि गुन्हा सौम्य करीत नाहीत. आपल्या स्त्रियांचा देह हा सर्वांना मोकळा आहे, या जातीच्या जुन्या समजुतीवर कायद्याने घातलेला हा घाव आहे. तो बोथट होऊ द्यावयाचा नसेल तर तक्रार देताना जातीचा उल्लेख फिर्यादीत पहिल्याच दिवशी आला पाहिजे.

छायाचित्र, पाठलाग आणि नकार

मोबाइलच्या युगात संमतीचा प्रश्न देहापुरता राहिलेला नाही. मुलीने विश्वासाने आपले खाजगी छायाचित्र काढू दिले, तरी ते इतरांना दाखविण्याची संमती तिने दिलेली नसते. ते पसरविणे हा कलम ७७ खाली गुन्हा आहे. नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा निरोप पाठविणे, वाटेत उभे राहणे, तिच्या इंटरनेटवरील वावरावर पाळत ठेवणे, हा कलम ७८ खालील पाठलागाचा गुन्हा आहे. आपल्या चित्रपटांनी पाठलागाला प्रेम म्हणून गौरविले आणि ‘मुलीच्या नाहीत हो असते’ ही शिकवण दोन पिढ्यांना दिली. आपल्या मुलांना याच्या उलट शिकवा: नाही म्हणजे नाही, आणि गप्प म्हणजेही नाही.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, अशा कायद्यांनी खोट्या तक्रारी होतात. कायदा कोणताही असो, त्याचा दुरुपयोग करणारा कोणीतरी निघतो. हाच आक्षेप अत्याचार प्रतिबंध कायद्यावरही घेतला जातो, आणि तो कोण व कशासाठी घेतो हे आपण जाणतो. खोट्या तक्रारीवर उपाय म्हणजे चोख तपास. खऱ्या फिर्यादीचे तोंड बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

कोणी म्हणेल, मग प्रत्येक वेळी लिहून घ्यावयाचे काय? लिहून घेण्याची गरज नाही. विचारण्याची गरज आहे, आणि उत्तर ऐकण्याची. ज्याला विचारण्याची लाज वाटते, त्याने पुढे जाण्याचीही लाज बाळगावी.

कायदा परिपूर्ण आहे असेही मी म्हणत नाही. पत्नी १८ वर्षांवरील असेल तर पतीने केलेली जबरदस्ती बलात्कार नव्हे, असा अपवाद कलम ६३ मध्ये अद्याप आहे. लग्नाची एक सही म्हणजे आयुष्यभराचा होकार, ही कल्पना मला दास्याचीच वाटते. १८८० च्या दशकात मुंबईत रखमाबाईंनी, बालपणी लावून दिलेल्या लग्नातील पतीकडे जाण्यास नकार दिला, आणि त्यासाठी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली. त्यांनी उभा केलेला प्रश्न कायद्याने अजून पुरता सोडविलेला नाही. तसेच सज्ञान पुरुषावर झालेल्या लैंगिक जबरदस्तीला नव्या संहितेत नीट जागा नाही, हीही तिची उणीव आहे.

घरात काय करावे?

आता प्रत्यक्ष कर्तव्याचे सांगतो. मुलगी काही सांगावयास आली तर ‘तू तेथे गेलीसच का?’ हा प्रश्न पहिला विचारू नका. या एका प्रश्नाने अनेक मुलींचे तोंड कायमचे बंद झाले आहे. आधी ऐका, आणि ‘तुझा दोष नाही’ हे शब्द मोठ्याने उच्चारा. अंगावरील कपडे धुऊ नयेत, मोबाइलमधील निरोप पुसू नयेत. कोणत्याही रुग्णालयास, सरकारी असो वा खाजगी, अशा वेळी विनामूल्य प्रथमोपचार द्यावेच लागतात. कोणत्याही ठाण्यावर फिर्याद देता येते. हद्द आमची नाही म्हणून पोलीस तुम्हाला परत पाठवू शकत नाहीत. फिर्याद स्त्री अधिकाऱ्याने नोंदविली पाहिजे आणि तिची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे. असा गुन्हा नोंदविण्याचे टाळणाऱ्या अधिकाऱ्यावरच गुन्हा होतो. तातडीसाठी ११२, स्त्रियांसाठी १८१, बालकांसाठी १०९८ हे क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो.

आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळा. जातीच्या किंवा वस्तीच्या चार मोठ्या माणसांनी बसून, पैसे घेऊन, किंवा मुलीचे त्याच माणसाशी लग्न लावून प्रकरण मिटवू नका. बलात्कार हा आपसात मिटविण्याजोगा गुन्हा नाही. ज्याने तिचा नकार मानला नाही, त्याच्याच घरी तिला जन्मभरासाठी धाडणे हा न्याय नव्हे. तो दुसरा अत्याचार आहे, आणि या वेळी तो करणारे आपण असतो.

बंधुभगिनींनो, पिढ्यान् पिढ्या आपल्याला कोणी विचारले नाही. पाणी घेण्यापूर्वी, देवळाची पायरी चढण्यापूर्वी, वाटेने चालण्यापूर्वी आपणच दुसऱ्याची परवानगी मागत होतो, आणि आपल्या श्रमावर, आपल्या देहावर हात टाकताना मात्र कोणालाही आपली परवानगी लागत नव्हती. ही उलटी व्यवस्था मोडण्यासाठी आपण संविधान हाती घेतले. आता आपल्या घरातील मुलगा एखाद्या मुलीला विचारल्यावाचून पुढे जात असेल, तर तीच व्यवस्था आपल्या घरात परत आली असे समजा. आणि आपली मुलगी स्पष्ट आवाजात ‘नाही’ म्हणत असेल, तर ती उद्धट झाली असे म्हणू नका. ज्या मौनाला आजवर संमती म्हटले गेले, ते मौन तिने मोडले आहे. तिच्या पाठीशी उभे राहा.

जय भीम.